फुलावर आलेला ताग

"एवढं फुललेलं रान मातीत गाडायचं, बाबा?"

शेवंती बैलांच्या पुढ्यातच बसली होती. मांडीवर तान्ही लेक. भिकाजीकाका नांगर धरून उभे. आणि मठातले बाबा काठीवर हनुवटी टेकून धुक्याकडे बघत होते.

धुकं पार खाली उतरलं होतं. जमीन दिसत नव्हती, तागाची काडी दिसत नव्हती... नुसती पिवळी फुलं तरंगत होती.

"गाडायचं," बाबा म्हणाले. "फुलावर आहे तोवरच. मग काडी निबर होते, कुजून खत व्हायला वेळ लागतो."

"या मातीत पहिल्यांदा काही उगवलं. तेही माझ्या हातानं."

"हो."

"नाचणी लावली तर तिची मुळं आखूड, जाड, टोकं जळल्यासारखी. माती तपासून आणली. तपासणारे म्हणाले, आंबट आहे, अल्युमिनियमचं विष झालंय तिच्यात. यंदाही नाचणी आली नाही तर रान पडीक टाकायचं आणि मी लेकीला घेऊन कायमचं माहेरी जायचं, असं ठरलंय घरात. आणि तुम्ही, आलंय तेवढंही गाड म्हणता."

"बाय, बैल किती वेळ उभे करू?" भिकाजीकाका म्हणाले. "त्यांना बिचाऱ्यांना माहेरही नाही."

शेवंती हसली नाही.

"ताग कुजला की विष निघून जातं का, बाबा?"

"नाही जात."

"म्हणजे मातीतच राहतं?"

"राहतं."

"मग कशाला..."

तिचं बोलणं अर्धंच राहिलं. लेकीनं तिचे केस मुठीत धरून ओढले होते. शेवंती एकेक बोट सोडवायला गेली, तशी मूठ अधिकच आवळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबा वाकले. तागाचा फुललेला शेंडा खुडून त्यांनी लेकीच्या गालाला लावला. हळूच.

लेक बघत राहिली...

केस सुटले. शेंडा मुठीत गेला.

बैलांचे श्वास तेवढे ऐकू येत होते.

शेवंती उठली. लेकीला कडेवर घेतलं, बाजूला झाली, बैलांना वाट दिली. नांगर पिवळ्यात शिरला. फुलं एकामागून एक धुक्याखाली गेली... दिवे मालवावेत तशी.

ती बराच वेळ बघत होती. पण तिला राहवलं नाही.

"हिची मूठ तर अजून आवळलेलीच आहे, बाबा."

"आहे," बाबा म्हणाले. "पण तिच्यात आता ताग आहे. तुझ्या केसांची मुळं दुखतायत का?"