उतरलेला सरसेनापती

फार फार मागे, एका राज्याला दोन्ही बाजूंनी शत्रूंनी घेरलं होतं. राज्यात दोन मोठे सेनानी होते. सरसेनापती अरिदमन म्हणे, "युद्धाचा निकाल पश्चिमेला लागेल." पूर्व सीमेवरचा शूरपाल म्हणे, "सैन्य मला द्या, पूर्वेला लागेल." दोघेही शूर, दोघेही हट्टी. दरबारात एकमेकांकडे बघतही नसत.

पश्चिमेचा एक किल्ला घेण्याच्या नादात अरिदमनने हजारो माणसं गमावली. किल्ला काही पडला नाही. राजाने त्याचं पद काढून शूरपालाला दिलं.

त्याच सुमारास दक्षिणेच्या राजानेही डाव साधला. त्याची फौज डोंगर ओलांडून आत घुसली. शूरपालाने मान खाली घालून अरिदमनला विचारलं, "दक्षिणेची फौज सांभाळाल? माझ्या हाताखाली काम करावं लागेल."

सगळ्यांना वाटलं, हा नकार देणार. अरिदमन एवढंच म्हणाला, "निघतो."

फौज डोंगराच्या पायथ्याशी पोचली. घाट लवकरच बर्फाने बंद होणार होता. तेव्हा त्याचा जुना सरदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "सेनापती, थोडं रेंगाळू या. घाट बंद झाला की शत्रू आतच राहील, आणि दोष शूरपालाच्या माथी जाईल. मग राजा तुम्हालाच परत बोलावील."

अरिदमनने आल्या वाटेकडे पाहिलं. वाटेत त्यांना जळालेली गावं लागली होती. माणसं गुराढोरांसह रानात लपली होती.

"त्या लोकांना सरसेनापती कोण आहे हे ठाऊक तरी आहे का?" तो म्हणाला. "त्यांना घरी जायचंय. घोडी इथेच ठेवा, घाट पायी चढू."

तो स्वतः सर्वांत पुढे चालला. शत्रू बेसावध होता. घाट अरिदमनच्या हाती पडला तर मागची वाट तुटेल या भीतीने शत्रूची फौज डोंगरापलीकडे पळाली. बर्फ पडायच्या आत माणसं आपापल्या गावी परतली.

अरिदमन राजधानीला आला, तेव्हा शूरपाल वेशीपर्यंत पायी सामोरा गेला.

"खरं सांगतो," शूरपाल म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो, तर माझ्यासाठी लढायला गेलो नसतो."

"मीही तुमच्यासाठी गेलो नव्हतो," अरिदमन म्हणाला.

शूरपाल हसला. त्याने अरिदमनचा हात धरला आणि त्याला मसलतीच्या बैठकीत आपल्या शेजारी बसवलं. पुढे दोघांनी मिळून सगळ्या सीमा अशा राखल्या, की शेवटी शत्रूंनीच तहाचा निरोप धाडला.

तात्पर्य: पद गेलं तरी ज्याचं कर्तव्य सुटत नाही, तोच खरा मोठा.