पसरलेले हात

त्या रानात माणसे उरली नव्हती. त्यांनी उभा केलेला एकजण मात्र उरला होता. दोन बांबूंची फुली, तिच्यावर फाटका सदरा, सदऱ्यात कोंबलेला पेंढा आणि वर पालथे घातलेले काळे मडके. मडक्यावर चुन्याने काढलेले दोन डोळे. चिमण्या त्याला थोरला म्हणत. दोन्ही हात पसरून तो रानाच्या मधोमध उभा होता, आणि हात पसरून उभा राहणारा काय म्हणत असतो, हे काल अंड्यातून निघालेल्या पिल्लालाही सांगावे लागत नसे. तो म्हणत होता, "या."

या म्हटल्यावर चिमण्या आल्या आणि राहिल्या. धान्य आपले आपण उगवे, पिके, गळे आणि पुन्हा उगवे. हे सारे थोरल्याचेच, याबद्दल कोणाला शंका नव्हती. पिल्लांची नावेसुद्धा त्यानेच दिलेल्या धान्यावरून ठेवत. रोज सकाळी ऊन मडक्याला टेकले की थवा त्याच्या पायाशी उतरे, दिवसाचा पहिला दाणा तिथे ठेवी, आणि मग सगळ्या चिमण्या डोळे मिटून त्याच्यासारखेच पंख पसरून उभ्या राहत. याला पंख देणे म्हणत. थव्यातला सर्वांत म्हातारा चिमणा राळोबा "मिटा" म्हणेपर्यंत पंख मिटायचे नाहीत, असा नियम होता. आणि राळोबाला कधी कसली घाई नसे.

कुटकी नावाच्या पिल्लाला ही वेळ फार आवडे. एकदा तिने आईला विचारले, "थोरल्याचे हात दुखत नसतील का गं?"

"दुखतात की," भादली म्हणाली. "म्हणून तर आपण पंख द्यायचे. तेवढाच त्याला विसावा."

त्या दिवसापासून कुटकी पंख थरथरेपर्यंत पसरू लागली. कोवळे खांदे भरून येत, आणि त्या दुखण्यातच तिला सुख वाटे, कारण तेवढा वेळ थोरल्याचे दुखणे थांबले असणार. तिचा भाऊ वरी मात्र खोडकर. तो शेजारी उभा राहून हळूच तिच्या शेपटीचे पीस ओढायचा.

एका सकाळी त्याने असेच पीस ओढले आणि कुटकीने डोळे किलकिले केले, म्हणून जे कोणी पाहिले नाही ते तिने पाहिले. शिक्रा वरून दगडासारखा आला. वरीचे पंख पसरलेले होते. ते मिटून झुडपात शिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्याला मिळाला नाही. थवा उधळला. शिक्रा वरीला घेऊन थोरल्याच्याच खांद्यावर बसला आणि तिथेच त्याने आपले जेवण उरकले. थोरल्याचे हात पसरलेलेच होते.

"थोरल्याने पोराला कवेत घेतले," राळोबा दुपारी म्हणाला. भादलीने ते वाक्य दोनतीनदा पुटपुटले आणि तिचे रडणे हळूहळू थांबले. कुटकीला मात्र ते वाक्य काही केल्या गिळवेना.

तिने प्रयत्न केला नाही असे नाही. कितीतरी सकाळी तिने पहिल्यापेक्षा जास्त ताणून पंख दिले. शेवटी एका दुपारी, आसपास कोणी नाही असे पाहून, ती सरळ मडक्यापाशी उडाली. खालून जे डाव्या डोळ्यातले काळे बुबुळ वाटे, ते एक भोक होते. कधीतरी गोफणीचा दगड लागून पडलेले. कुटकीने आत डोके घातले. "थोरल्या," तिने हाक मारली. तिचाच आवाज मडक्यात फिरून तिच्याकडे परत आला. आत थोडा पेंढा होता आणि बाकी काही नव्हते. वरी गेला तेव्हा ती एका भावाला मुकली होती. आता कोणाला मुकली तेही तिला सांगता येईना.

"आई, आत कोणी नाही," तिने घरट्यात येऊन सांगितले.

भादली चिडली नाही. तिने नुसते विचारले, "मग तू कशाला डोकावलीस?"

"वरीला त्याने कवेत नाही घेतलं. शिक्र्याने खाल्लं. मी पाहिलंय."

"ते मला नको सांगूस, बाई," आई म्हणाली. "एवढं एक माझ्याजवळ राहू दे."

थव्याने कुटकीला हाकलले नाही. पण पंख देताना तिचे पंख मिटलेले असत, आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रोज थोडीथोडी मोकळी होत गेली. "खोटे तरी पसर गं, माझ्यासाठी," आई म्हणे. कुटकी पसरायला जाई, वरी आठवे आणि पंख आपोआप अंगाला चिकटत. एका सकाळी आईचा पडलेला चेहरा तिला पाहवला नाही, आणि ती ओढा ओलांडून निघून गेली.

ओढ्यापलीकडे माणसे होती. तिथल्या एका शेतात कोणीतरी नवा सदरा बांबूवर चढवत होता आणि पाखरांवर ओरडत होता. कुटकी शेजारच्या चिमण्याला म्हणाली, "हात पसरलेत. या म्हणतोय."

चिमणा हसला. "कुठून आलीस तू? जा म्हणतोय तो. जा."

कुटकीला हसू आले नाही. आपले सगळे गणगोत एका शब्दाच्या चुकीवर इतकी वर्षे पंख पसरून उभे आहे, हे कळून तिला कोणावर रागावताही येईना. पुढे त्याच चिमण्याबरोबर तिने घरटे मांडले. दोन विणी सापाने खाल्ल्या. गारा पडल्या की "थोरल्या, सांभाळ" हे शब्द अजून तिच्या चोचीशी येत आणि ती ते परत गिळी. थोरल्याला आभाळभर हाका मारायची तिची सवय गेली नव्हती, फक्त ऐकणारा गेला होता. तिसऱ्या वेळी अंडी घालायची झाली, तेव्हा गुळगुळीत बांबूवरून साप चढू शकणार नाही आणि चिमणीपेक्षा मोठे काही शिरू शकणार नाही अशी एकच जागा तिला आठवली.

म्हणून ती परतली, आणि थव्याच्या नकळत त्या मडक्यात तिने गवत अंथरले.

अंडी घातल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी खाली थवा उतरला. पंख दिले, पंख मिटले, सगळ्या उडाल्या. एक चिमणी मात्र मागे राहिली. पंख विरळ झाले होते, तरी तिने ते पुन्हा पसरले.

"वरीला तू घेतलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही," भादली डोळे मिटून म्हणाली. "कुटकीला तेवढी परत आण."

पिसांखाली अंडी उबवत कुटकीने ते ऐकले. ती हलली नाही. ओ दिली असती, तर ती कोणाची ओ ठरली असती? रोज सकाळी आई तेच मागे, आणि रोज कुटकी त्या फुटक्या डोळ्यातून आभाळ पाहत राही, कारण खाली सगळ्यांचे डोळे मिटलेले असत.

अंडी फुटली त्याच आठवड्यात तिला तो ठिपका दिसला. शिक्रा ओढ्यावरून वळला आणि नीट थव्यावर आला. पंख सगळ्यांचे पसरलेले.

"जा!" कुटकी जीव तोडून ओरडली. "जा! जा!"

मडके घुमले. थवा एका क्षणात झुडपात शिरला आणि शिक्रा रिकाम्या मातीवरून निघून गेला. कोणाचे पीसही गेले नाही. झुडपात राळोबा रडत होता. "बोलला," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "थोरला बोलला."

दुसऱ्या दिवशी थवा दुप्पट वेळ पंख देऊन उडाला. भादली मागे राहिली. आज तिने काही मागितले नाही. पंख पसरून, डोळे मिटून, मान वर करून ती नुसती उभी होती.

"थोरल्या," शेवटी ती म्हणाली, "तुझा आवाज अगदी माझ्या कुटकीसारखा आहे रे."

आत पिल्लांनी चोची उघडल्या. कुटकीने ती हलकेच पंखाखाली घेतली, आणि आईचे डोळे मिटलेले होते तोवर आभाळावरची नजर काढली नाही.