वाळूवरची कयाक

“आणि मोठा लागला तर?” शाल्मलीने विचारले.

इब्राहिम वस्तादांनी बशीतला चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि मगच ते बोलले.

“मोठा म्हणजे?”

“पंधरा किलोचा जिताडा. वीस किलोचा.”

“तुझं वजन किती?”

“छप्पन्न.”

“मग त्याने घाबरायला हवं.”

आतून वस्तादांच्या पत्नी सकिनाबी हसल्या. शाल्मली हसली नाही. नाशिकहून इतक्या लांब ती हसायला आली नव्हती.

दांडेवलीच्या खाडीत, कांदळवनाच्या मुळ्यांआड दबा धरून बसणारा जिताडा मासा कयाकमध्ये, एकट्याच्या अरुंद होडीत, बसून गळाला लावावा, तर तो इब्राहिम वस्तादांच्या शिष्यानेच, अशी त्या किनाऱ्यावर ख्याती होती. वस्तादांनी उभी हयात जहाजावरच्या उमेदवारांना शिकवण्यात घालवली होती आणि आपल्या हाताखालचा एकही माणूस पाण्यात कच्चा निघाला नाही, हे ते स्वतःच सांगत. दुसऱ्याने सांगण्याची वाट पाहत नसत.

पैलवानाच्या किंवा गवयाच्या शिष्याला मनगटावर गंडा बांधतात. वस्ताद तो गळाच्या काठीला बांधत. काठीच्या मुठीला एक टोक, कयाकच्या कडीला दुसरे. ज्याच्या काठीला गंडा नाही, त्याने वस्तादांच्या काठावरून खाडीत उतरायचे नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या उधाणाला ते एकच नवा शिष्य घेत आणि यंदाचा शेवटचा, असे त्यांनी गावात सांगून टाकले होते.

ते उधाण आज होते. भरती चढू लागली होती.

शाल्मली बोरस्ते वल्हवण्याच्या शर्यतीत राज्यात पहिली आली होती, तीही लागोपाठ काही वर्षे. मग उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी शर्यत बंद केली. पदके भिंतीवर राहिली आणि ती जमिनीवर आली. ‘हळूहळू वल्हवायला हरकत नाही’ असे डॉक्टर म्हणाले होते. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द तिला शिवीसारखा लागला होता. खांद्याविषयी तिने इथे कुणाला सांगितले नव्हते. आज काठीला गंडा बांधला गेला तर पाणी तिचे. नाहीतर ते कुणाचे, हा प्रश्न तिला स्वतःलाही विचारवत नव्हता.

“उचल एक,” वस्ताद म्हणाले.

ओसरीच्या भिंतीला काठ्या ओळीने टेकून उभ्या होत्या. शाल्मलीने सर्वांत लांब, सर्वांत जाड काठी उचलली. नऊ फुटांची, वर नारळाएवढे रीळ.

“हीच का?”

“हिने काहीही खेचता येतं.”

“काय काय खेचायचंय?”

“चल,” वस्ताद उठले.

काठाखाली, भरतीच्या रेषेच्या पाण्याकडच्या बाजूला, एक जुनी कयाक ठेवलेली होती. तिच्या तळाखाली वस्तादांनी मुद्दाम वाळूचा उंचवटा केला होता, त्यामुळे बसणारा जरा हलला की ती डुले. गावात त्या जागेला आखाडा म्हणत.

“वाळूत बसू?” शाल्मलीच्या भुवया वर गेल्या. “मी पाण्यातली आहे, वस्ताद.”

“पाणी येईल. त्याला तुझी घाई नाही.”

ती बसली. वस्तादांनी दोरीच्या टोकाचा गळ काढून लाकडाचा गुटका बांधला, तो मुठीत धरला आणि वाळूवर वीसएक पावले चालत गेले.

“मी मासा,” त्यांनी ओरडून सांगितले. “मासा शिस्तीत पोहत नाही.”

रिळाला एक चकती असते. दोरी किती ओढ बसल्यावर सुटावी, हे ती ठरवते. शाल्मलीने ती फिरेनाशी होईपर्यंत आवळली. आपल्या हातून काही सुटावे, हे तिच्या स्वभावातच नव्हते.

मासा आधी सरळ गेला. मग वळला आणि तिच्या पाठीमागे आला. बसल्या जागी नऊ फुटी काठी मागे वळेना. मूठ पोटात रुतली, टोक वाळूत. शाल्मली गुडघ्यांवर उठली आणि सर्व ताकदीनिशी तिने मागे ओढले.

कयाक पालथी झाली.

“ऐकलंत का!” ओसरीवरून सकिनाबींचा आवाज आला. “पाहुणी आहे ती. जेवण होईपर्यंत तरी पाडू नका.”

“मी पाडली? काठी तिच्या हातात होती.”

शाल्मली उठली. केसांतली वाळू तिने झटकली नाही. झटकली असती तर आपण पडलो, हे मान्य केल्यासारखे झाले असते. ती ओसरीवर गेली, दुसरी काठी घेऊन आली आणि कयाक सरळ करून पुन्हा तिच्यात बसली. आखूड, ताठ. रीळ काठीच्या पाठीवर आडवे बसवलेले, चकचकीत.

“मासे धरण्याच्या शर्यतवाल्यांची आहे ती,” वस्ताद म्हणाले. “आडवं रीळ फेकताना अंगठ्याने आवरावं लागतं. अंगठ्याला अक्कल यायला एक हंगाम जातो.”

“माझे अंगठे हुशार आहेत.”

“फेक तर मग,” तिच्या दोरीला गुटका बांधत वस्ताद म्हणाले.

तिने फेकले. गुटका हवेतच थबकला, रीळ मात्र फिरतच राहिले आणि सुगरण पक्ष्याने आयता खोपा म्हणून पसंत करावा, असा गुंता तिच्या हातात तयार झाला. ती तो सोडवू लागली.

मासा थांबला नाही. गुटका उचलून तो आडवा पळाला. दोरी ताठ झाली, शाल्मली पुन्हा गुडघ्यांवर उठली आणि पुन्हा पडली. या वेळी उजव्या अंगावर.

तिने आवाज काढला नाही. ओठ मात्र पांढरे पडले.

वस्ताद जवळ आले. त्यांनी हात पुढे केला नाही.

“कोणता?”

“काय कोणता?”

“खांदा.”

“काही झालेलं नाही.”

“काय झालं ते मी विचारलंच नाही. कोणता, ते विचारलं.”

“उजवा.”

“तरी नऊ फुटी उचललीस.”

“म्हणूनच उचलली.” शाल्मली वाळूत ताठ बसली. “वस्ताद, एक सांगते. खांद्यासाठी मी सवलत मागणार नाही.”

“मी देणारही नाही. ती माझ्याकडे नसते.”

लाट आली आणि कयाकच्या मागल्या टोकाला चाटून गेली. दोघांनी तिकडे पाहिले.

“म्हणजे मी गर्व सोडावा, असंच ना?” शाल्मली म्हणाली. “सगळे तेच सांगतात. प्रशिक्षक, डॉक्टर, आई.”

“मी कधी सांगितलं?” वस्तादांचा आवाज चढला. “गर्व नसलेला शिष्य मला नकोच. तो पाणी बघतो, छान म्हणतो आणि घरी जातो. तुझा आहे तो राहू दे... फक्त त्याला खाली बसव. सारखा गुडघ्यांवर उठतो.”

शाल्मली उठली. ती सावकाश ओसरीकडे चालत गेली. भिंतीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. आतापर्यंत तिने काठ्या निवडल्या होत्या, त्या लोकांच्या नजरेत भरतील अशा. आता ती एकेक हातात घेऊन, डोळे मिटून, तोलून पाहू लागली.

दाराच्या कोपऱ्यात एक काठी होती. सात फुटांना थोडी कमी. टोक लवचीक, बुंधा ठाम. रीळ उघडे, काठीखाली लटकणारे, साधे. त्यावरची दोरी इतकी बारीक की तिच्यावर जिताडा काय, रागही निघाला नसता.

“ही शिकाऊंची ना?” तिने विचारले.

“ती माझी,” सकिनाबी म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून शिकतेय. मोडलीस तर जेवण नाही.”

“आणि नाही मोडली तर?”

“तर कोळंबीचं कालवण आहे. जा, पाणी चढलं.”

शाल्मलीने काठी उजव्या हातात धरली. उजव्या हाताने काठी पेलायची आणि डाव्याने रीळ फिरवायचे, अशी तिची रचना होती. ती क्षणभर थांबली. मग तिने रिळाची बारकी टोपी फिरवून काढली, रीळ फिरवायची दांडी ओढून काढली, उलट बाजूने घातली आणि टोपी पुन्हा बसवली. आता काठी डाव्या हातात आली. धडधाकट खांद्याच्या हातात.

खाली उभ्या असलेल्या वस्तादांनी हे पाहिले. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, कारण चेहऱ्यावर काय उमटले आहे, हे त्यांना दाखवायचे नव्हते.

कयाकपाशी येईपर्यंत पाणी तिच्या पोटरीला लागले होते. वाळूचा उंचवटा विरघळला होता. कयाक तरंगत होती.

शाल्मली बसली. पाय पसरले. चकती सैल केली. दोन बोटांनी ओढली तरी दोरी सुटेल इतकी सैल. ते करताना तिला दातांत खडा आल्यासारखे वाटले.

“तयार?” नव्या दोरीला बांधलेला गुटका मुठीत धरून वस्तादांनी लुंगी वर खोचली.

“मासा विचारत नाही.”

“शाबास,” असे म्हणून वस्तादांनी जोराचा हिसका दिला.

रीळ कर्र करून वाजले. दोरी धावत सुटली. शाल्मलीच्या अंगातला प्रत्येक स्नायू म्हणाला, आवळ. गुडघे उठू लागले. तिने ते खाली दाबले. काठी कमानीसारखी वाकली आणि तशीच वाकून राहिली.

मग तिला न कळलेली गोष्ट घडली. कयाकचे तोंड आपोआप वळले आणि दोरी जिकडे जात होती तिकडे कयाकही निघाली.

वस्ताद डावीकडे गेले, कयाक डावीकडे गेली. ते मागे वळले. तिने आखूडशी काठी कयाकच्या नाकावरून अलगद पलीकडे नेली आणि कयाक त्यांच्यामागे फिरली. ते कांदळवनाच्या मुळ्यांकडे धावले. तिने काठी पाण्याशी आडवी धरली, जोर केला नाही, पण ती सैलही सोडली नाही. मुळ्या हातभर अंतरावर राहिल्या. छातीभर पाण्यात एक म्हातारा आणि त्याच्यामागे एक कयाक, असे ते फिरत राहिले. एरवी या काठावर कुणाची थट्टा केल्याशिवाय न राहणाऱ्या सकिनाबी ओसरीच्या पायरीवर येऊन गप्प उभ्या होत्या.

अखेर वस्ताद थांबले. त्यांनी गुटका सोडला, पाण्यातून येऊन कयाकचे नाक धरले आणि तसेच उभे राहिले. त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

मग वस्तादांनी कमरेचा दोर सोडला. एक टोक कयाकच्या कडीतून घातले. दुसरे काठीच्या मुठीकडे नेले.

शाल्मलीने मूठ हाताने झाकली.

“नको.”

वस्तादांनी वर पाहिले.

“खांदा कळला म्हणून बांधत असाल, तर नको. मी आत्ता निघते. संध्याकाळची गाडी मिळेल.” तिची मान तसूभरही खाली गेली नाही. “मला शर्यत कळते, वस्ताद. मी हातभरसुद्धा दोरी परत घेतली नाही. तुम्ही गेलात तिकडे मी आले. तुम्ही वळलात की वळले. याला जिंकणं म्हणत नाहीत.”

वस्तादांनी तिचा हात बाजूला केला. गंडा मुठीभोवती गुंडाळला आणि दातांनी गाठ आवळली. बोलायला त्यांनी तोंड उघडले; श्वास पुरेना. ते थांबले. आणखी एक श्वास घेतला... तोही पुरेना. आणखी एक घेतला.

“दमलं कोण?”