सोपी झालेली वाट

एकदा एका गावात एक वृद्ध वस्ताद होते. रस्ता न फोडता, यंत्राने जमिनीखालून आडवे भोक पाडून नळ नेण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले होते. शाल्मली ही तरुण अभियंता त्यांच्या हाताखाली शिकत होती.

त्या दिवशी प्रसूतिगृहापर्यंत पाण्याचा नळ न्यायचा होता. तिथल्या बाळंतिणी टँकरच्या भरवशावर होत्या. नळाची वाट एका वस्तीखालून जात होती. सकाळभर कठीण मुरूम दाद देईना. यंत्राच्या लोखंडी दांड्या रडतखडत पुढे सरकत होत्या. भोक मोकळे राहावे म्हणून पंपाने आत सोडलेला पातळ चिखल माती घेऊन भोकाच्या तोंडाशी परत येत होता. शाल्मली वैतागली होती, वस्ताद मात्र निवांत होते.

दुपारी अचानक दांड्या सरसर आत जाऊ लागल्या. शाल्मलीचा चेहरा उजळला. "वस्ताद, संध्याकाळपर्यंत पलीकडे पोचतो!"

वस्ताद उठले आणि त्यांनी यंत्र बंद केले.

"अहो, आत्ता कुठे काम सुरळीत लागलंय! तिकडे डॉक्टरीणबाई वाट पाहताहेत."

"पाहू देत. तू माझ्याबरोबर चल."

दांड्यांचे टोक जिथे पोचले होते, त्याच्या बरोबर वर असलेल्या घरात दोघे गेले. द्वारकाबाई नातवाला भरवत होत्या. वस्तादांनी हात जोडून विचारले, "वहिनी, या घराखाली पूर्वी काही होतं का?"

"आड होता की. सासऱ्यांनी वरवर बुजवला न् घर बांधलं. का हो?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यातून करडा चिखल वर आला. शाल्मलीने मुलाला उचलले, द्वारकाबाईंचा हात धरला आणि दोघांना अंगणात आणले.

दांड्या मागे ओढल्या गेल्या. आडाची पोकळी सिमेंटच्या गाऱ्याने भरून घेतली. सारे निवळल्यावर शाल्मलीने विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

"आड मला ठाऊक नव्हता," वस्ताद म्हणाले. "पण सकाळी माती अडवत होती आणि आपला चिखल परत करत होती. मग अडवणं थांबलं, चिखलही परत येईना. आपण टाकलेलं परत येत नाही, म्हणजे ते कुणाच्या तरी पदरात पडतंय. आपल्याला वाटतं, काम सोपं झालं."

शाल्मली हलकेच म्हणाली, "मी तर पंपाचा जोर वाढवणार होते."



नळासाठी दुसरी, अधिक खोल वाट ठरली. यंत्र सुरू करण्याआधी शाल्मली त्या वाटेवरच्या प्रत्येक घराचे दार वाजवून आली. प्रसूतिगृहात पाणी उशिरा पोचले, पण वाटेतले एकही घर हलले नाही.