येऊ का, भाऊजी?

"अप्पा, विचारून पाय टाकला तर हक्क नाही, आणि न विचारता वर्षानुवर्षं तुडवलं तर हक्क लागतो... हा कुठला न्याय म्हणायचा?"

शिवशरण हत्तुरे पायरीवर टेकायच्या आधीच बोलला. गावात त्याची पिठाची गिरणी. मिशांवर, भुवयांवर सगळीकडे पीठ. हुशार माणूस, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत.

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे रेवणअप्पा. मी त्यांच्याजवळ शेंगा फोडत बसलो होतो. मठात येऊन मला बरीच वर्षं झाली, पण शेंगा फोडण्यापलीकडे माझी काही प्रगती नाही, असं अप्पाच सगळ्यांना सांगतात.

"कोण म्हणालं असं?" अप्पांनी विचारलं.

"आमचे वकीलसाहेब. आणि वर आनंदानं म्हणाले! हत्तुरे, केस जिंकलात म्हणून समजा, हायकोर्टाचा दाखला आहे आपल्याकडे."

"मग?"

"मला वाटलं, तलाठ्याकडं मिळतो तसला दाखला. गेलो चावडीवर. तलाठी विचारतो, कसला पाहिजे, उत्पन्नाचा का रहिवासाचा? म्हटलं, हायकोर्टाचा. सगळी चावडी खो खो हसली."

अप्पा हसले नाहीत. मी हसलो.

"दाखला म्हणजे जुना निकाल, हे मागनं कळलं," शिवशरण म्हणाला. "पण त्यात माझं नावसुद्धा नाही हो! कोण कुठला माणूस, दर सुगीला दुसऱ्याच्या शेतातनं बैलगाडी न्यायचा. मालकाला विचारून न्यायचा. पुढं भांडण लागलं. कोर्ट म्हणालं, बाबा रे, तू परवानगी मागून जात होतास, म्हणजे ती मालकाची मेहरबानी. तुझा हक्क नव्हे. आता त्याच्या बैलगाडीचा न् माझ्या अंगणाचा काय संबंध?"

अंगणाचं भांडण सगळ्या गावाला ठाऊक होतं. नीलव्वा ही शिवशरणच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून मागच्या खोलीत एकटीच राहते. तिची रस्त्यावर यायची वाट शिवशरणच्या अंगणातून. त्याला तिथं मिरची कांडपाचं यंत्र बसवायचं होतं, म्हणून त्यानं फाटकाला कुलूप घातलं. आता म्हातारी नाल्याच्या कडेनं, चिखलातून, गुडघे धरत जाते. ती कोर्टात गेली. आणि तो मठात आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिवशरणची साक्ष होती.

"वहिनी विचारून जात होत्या?" अप्पा म्हणाले.

"रोज. फाटकाशी आल्या की म्हणायच्या, 'येऊ का, भाऊजी?' मी म्हणायचो, या."

"कधी नको म्हणालास?"

"काय बोलता अप्पा! वहिनीला नको म्हटलं तर जीभ झडेल की माझी."

कुलूप लावताना हात बरे झडले नाहीत, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी शेंगदाणा तोंडात टाकला.

"वकील म्हणतात, एवढंच सांगायचं. रोज परवानगी मागायच्या, मी रोज द्यायचो. बास. वाट बंद." शिवशरणनं मान खाजवली. "खोटं तर काहीच नाही. पण रात्री झोप लागत नाही, अप्पा. म्हणून आलो. कायदाच उफराटा दिसतोय. ज्यानं मान ठेवला त्याचंच नुकसान!"

अप्पांनी माझ्यापुढची एक शेंग उचलून फोडली.

"कायदा उफराटा नाही. शहाणा आहे," ते म्हणाले. "वाटसरूला तू ओसरीवर टेकू दिलंस. रोज दिलंस. एक दिवस तो म्हणाला, ओसरी माझी. मग गावात कोण कुणाला टेकू देईल? भल्या माणसाला त्याचा भलेपणा महागात पडू नये, म्हणून तो निकाल. ज्यानं दिला त्याला माझा नमस्कार."

आणि अप्पांनी खरंच हात जोडले. मी बघतच राहिलो. कोर्टकचेरीला हात जोडणारा साधू मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"आणि बैलगाडीचा संबंध?"

"दुसऱ्याच्या पायात काटा मोडला की आपण चप्पल घालतोच ना? त्या काट्यावर आपलं नाव कुठं असतं?"

शिवशरणचा चेहरा उजळला. "म्हणजे दाखला बरोबर! आणि मीही बरोबर!"

"'येऊ का' म्हणायच्या, हे खरं?"

"शंभर टक्के."

"तू 'या' म्हणायचास, हेही खरं?"

"देवाशप्पथ."

"मग झालं तर."

मला अप्पांचा राग आला. खरं सांगतो, आला. नीलव्वाचे ते चिखलानं भरलेले पाय मी सकाळीच गावात पाहिले होते. हातातली शेंग मी टरफलासकट चिरडली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी चुकली तर शिवशरणला पायी घर गाठावं लागणार होतं. तो घाईनं अप्पांच्या पाया पडला आणि एका पायात चप्पल सरकवली.

"येऊ का, अप्पा?"

"नको."

दुसरी चप्पल तशीच राहिली.

"...काही काम होतं का?"

"नाही."

अप्पा डोळे मिटून बसले होते. पुन्हा हॉर्न वाजला.

"मग... येऊ का?"

"नको म्हटलं ना."

शिवशरणनं माझ्याकडे पाहिलं. मी टरफलं गोळा करू लागलो, कारण मलाही काही कळलं नव्हतं. अप्पांनी नको म्हटल्यावर निघायचं कसं? आणि थांबायचं कशासाठी? खाली एसटी सुटल्याचा आवाज आला. बिचारा एका पायात चप्पल घालून उभा.

मग मात्र त्याचा तोल गेला.

"अहो अप्पा, 'येऊ का' म्हणजे काय परवानगी असते होय? ती आपली बोलायची रीत! माणूस चार माणसांत राहतो, म्हणून म्हणतो. जायचं तर ज्याचं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. त्यावर समोरच्यानं 'या' म्हणायचं, बास! नको म्हणायचा त्याला अधिकारच कुठं..."

तो थांबला.

मी टरफलं खाली ठेवली.

अप्पांनी डोळे उघडले.

"शिवशरण, हे तू बोललास, का नीलव्वाचा वकील?"