झुंजाररावांची टोपी आणि टर्बोचा पाईप

घाटनाक्यावर गॅरेज शेवंताबाईचं, पण जागा झुंजाररावांची. त्यांची गाडी दिसली की अख्खा नाका गप्प व्हायचा. त्या दिवशी तर ते ओरडतच उतरले.

"शेवंते, सर्व्हिसिंग तू केलंस आणि इंजिन तेल ओकायला लागलं. संध्याकाळपर्यंत जागा खाली कर!"

शेवंताबाईनं बॉनेट उघडलं आणि चूक दिसली. इंजिनाची वाफ ओढून घेणारा पाईप टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, अलीकडे लागतो, तिथे ओढ असते. हा कुणीतरी पलीकडे जोडला होता, जिथे टर्बो जोरानं हवा फुंकतो; ती हवा उलटी इंजिनात शिरून तेल बाहेर ढकलत होती.

"पाईप कुणी हलवला, मालक?"

"माझ्या पुतण्यानं. इंजिनिअर आहे तो! तू त्याला शिकवणार?"

पुतण्या विश्वजित शेजारीच उभा होता. "पाईप मस्त ओढतोय, काका," तो म्हणाला.

भांडून जागा राहणार नव्हती. तिनं पाईपचं इंजिनाकडचं टोक सोडवलं.

"मालक, तुमची टोपी ह्या तोंडावर धरा. मी गाडी रेस करते. टोपी चिकटली तर चूक माझी, आत्ता शटर ओढते."

झुंजाररावांनी कडक इस्त्रीची पांढरी टोपी पुढे केली, तोच विश्वजित किंचाळला, "काका, नको! तेलानं काळी होईल!"

"का हो इंजिनिअर," शेवंताबाई म्हणाली, "पाईप ओढतोय ना? मग टोपीवर तेल कोण फुंकणार?"

झुंजाररावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पाना उचलून पुतण्याच्या हातात दिला.

"बाई सांगतील तिथे जोड."