शेपटी न सोडणारी पिल्ले

जंगलाची दाट झाडी विरळ होत जिथे संपते आणि मुरमाचा उघडा उतार लागतो, त्या सीमेवर चिचुंद्र्यांची एक वस्ती राहत असे. मुलांनो, चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदराच्या जातीची नव्हे. तिचे डोळे अधू असतात. जगाची ओळख तिला लांब नाकाने आणि कानांनी होते. शिवाय तिला भूक फार सोसत नाही, वारंवार खावे लागते. जंगलाच्या आत पालापाचोळ्याखाली किडे आणि गांडुळे दाराशीच मिळत, म्हणून तिथल्या आया पिल्लांपासून दूर जात नसत. उतारावर मुरूम आणि कुसळे यांखेरीज काही नव्हते. तिथल्या आयांना पोटासाठी खाली ओढ्यापर्यंत जावे लागे आणि पिल्ले बिळात एकटी राहत.

चिचुंद्रीची पिल्ले आईमागून जाताना एकमेकांच्या शेपटीचे बूड तोंडात धरून एका ओळीत चालतात. ही रीत त्यांच्यात सर्वत्र आहे. उतारावरच्या वस्तीने तिच्यात एक भर घातली होती. आई बाहेर निघाली की ओळीतल्या शेवटच्या पिल्लाची शेपटी पहिल्याच्या तोंडात देई. ओळीचे कडे होई. कड्यातले पिल्लू भटकत नसे आणि तोंड भरलेले असल्यामुळे ओरडतही नसे. कधी काळी एखादे पिल्लू बिळाबाहेर आले असेल, सापाने उचलले असेल, आणि त्या धसक्यातून ही पद्धत निघाली असेल. रीतींच्या बाबतीत बहुधा असेच होते. धसका विसरला जातो, रीत तेवढी उरते. ‘शेपटी सुटली की पिल्लू हरवले’ एवढेच आता प्रत्येक आईला ठाऊक होते.

या वस्तीतल्या एका चिचुंद्रीच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. तिचे धाकटे पिल्लू वाढत होते, पण किडा नाकाशी नेला तरी ते मान वळवत नसे. हाक मारली तरी ओ देत नसे. ओढ्याकाठी माती उकरताना तिचे अर्धे चित्त बिळात असे. ‘आज तरी ते हूं करील का?’ असा विचार मनात आला की तोंडातला घास तिला कडू लागे.

वस्तीत एक म्हातारी चिचुंद्री होती. दात झिजल्यामुळे तिला शिकार साधत नसे. ती एके दिवशी म्हणाली, “पोरींनो, तुम्ही ओढ्यावर जाता तेव्हा पिल्लं माझ्यापाशी ठेवत जा. मी त्यांना शेपटी सोडायला शिकवीन. परत येताना माझ्यापुरता एकेक घास आणा, म्हणजे झालं.”

“शेपटी सोडायला?” धाकट्याच्या आईची शेजारीण फिसकन हसली. “आजी, दात गेले म्हणून आता तोंड चालवायला पोरं हवीत होय!”

“हवीत की. तुम्हा मोठ्यांशी बोलून का कुणाचं भलं झालंय?” म्हातारी म्हणाली.

शेजारणीने आपली पिल्ले पाठवली नाहीत. पण धाकट्याची आई आणि आणखी काही जणी भीत भीत तयार झाल्या. म्हातारी बिळाच्या तोंडाशी बसे. ती किड्याचा पंख मातीखाली लपवी आणि पिल्लांना वासाने शोधायला लावी. कधी ती अंधाराकडे तोंड करून विचारी, “कोण कुठं?” मग प्रत्येक पिल्लाने आपापल्या आवाजात उत्तर द्यायचे. धाकटे पुष्कळ दिवस गप्पच राहिले. म्हातारी त्याला सोडून कधी पुढे गेली नाही. ती त्याच्यापाशी थांबे, पुन्हा विचारी, पुन्हा थांबे. एके दिवशी त्याने “चुक्” केले. ओढ्याहून परतलेल्या आईने ते ऐकले आणि तिच्या तोंडातला किडा गळून पडला.

पुढे धाकटे चार शब्द बोलू लागले, आणि इकडे ओढा आटू लागला. शिकार कमी झाली, तशी आयांची कुरकुर वाढली. शेजारीण म्हणाली, “पोरं खेळवायला कसला गं घास? पोरं काय, आपली आपण वाढतात. माझी बघा, हूं नाही की चूं नाही. आणि तुमच्याकडचा गोंगाट म्हणजे सापाला घरबसल्या आमंत्रण!” सापाचे नाव निघताच आया चपापल्या. एकीने घास आणणे थांबवले, मग दुसरीने. शेवटी धाकट्याची आईही रिकाम्या तोंडाने म्हातारीसमोर उभी राहिली.

म्हातारी रागावली नाही. “अगं, उपाशीसुद्धा बसले असते मी,” ती म्हणाली. “पण उपाशी म्हातारीचा डोळा लागतो, आणि डोळा लागलेल्या म्हातारीच्या भरवशावर कुणी पोरं ठेवू नयेत.” मग ती स्वतःच किडे शोधायला हळूहळू उतार उतरू लागली.

त्या दिवशी आईने आपल्या पिल्लांचे पुन्हा कडे केले. धाकटे शेपटी धरीना. “धर! सुटलास तर हरवशील,” ती खेकसली. त्याने धरली. ती निघाली, पण वाटेत पुनःपुन्हा थांबत राहिली. मागे काहीच ऐकू येत नव्हते. हे तर चांगलेच, असे तिने स्वतःला बजावले.

ती ओढ्याशी पोचते न पोचते तोच पायांखालची जमीन थरथरली. रानडुकरांचा एक कळप वरून उधळत उतारावर आला होता. त्यांच्या खुरांनी मुरूम सुटला आणि ढासळत खाली आला. चिचुंद्री परत धावली. वस्ती जिथे होती तिथे ताज्या मातीचा ढीग होता. बिळाचे तोंड दिसेना. ओळखीचे सारे वास मातीखाली गाडले गेले होते. ती इथे उकरी, तिथे उकरी, आणि प्रत्येक जागा तिला चुकीची वाटे. आतल्या हवेला सीमा होती, पिल्लांच्या भुकेलाही.

इतर आयांबरोबर शेजारीणही धापा टाकत आली. “घाबरू नकोस,” ती म्हणाली, “माझी पोरं शहाणी आहेत, मुळीच आवाज कर…” आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. आपण काय बोलत होतो ते तिचे तिलाच ऐकू आले होते.

एवढ्यात म्हातारी पोचली. तिने नाक मातीला टेकवले आणि हाक दिली, “कोण कुठं?” काही नाही. ती दोन पावले सरकली. “कोण कुठं?” बराच वेळ फक्त माती घसरण्याचा आवाज येत राहिला. मग खालून, कुणाच्या मनातही आले नव्हते अशा जागेतून, अगदी क्षीण “चुक्” आले. धाकट्याने शेपटी सोडली होती.

साऱ्या जणी त्या जागेवर तुटून पडल्या. धाकटे आणि त्याची भावंडे धुळीने माखलेली, पण जिवंत निघाली. तशाच हाका देत इतर आया आपापल्या बिळांकडे वळल्या आणि त्यांनाही खालून उत्तरे येऊ लागली. आईने त्याला चाटायला सुरुवात केली, तेव्हा ते अंग आक्रसून म्हणाले, “आई, त्या बाजूला कुणीतरी चालतंय. सारखं चालतंय.”

त्या बाजूला शेजारणीचे बीळ होते. माती दूर झाली तेव्हा आत तिची पिल्ले कड्यातच होती. एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून ती गोल गोल फिरत होती. पाय लटपटत होते, एक तर नुसते फरफटले जात होते. “आले रे, आले मी! सोडा आता!” शेजारीण ओरडली. एकानेही तोंड उघडले नाही. एरवी शेपटी तीच ओढून सोडवी, पण आज ती ओढू गेली तशी पिल्ले दात अधिकच आवळत. आपण होऊन सोडायचे कसे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते.

शेजारीण म्हातारीकडे वळली. ओढ्यावरून आणून धावपळीत बाजूला टाकलेले एक गांडूळ तिने उचलून म्हातारीच्या पायाशी ठेवले. “आजी, आधी तुम्ही खा,” ती म्हणाली. “मग यांना सांगा. माझं यांना कळत नाही.”

म्हातारीने गांडूळ तोंडात घेतले, आणि ते चघळतच ती त्या फिरणाऱ्या कड्याच्या मधोमध जाऊन बसली.

तात्पर्य : मूल गप्प आहे म्हणजे ते सुखरूप आहे, असे मानू नये. त्याच्याशी बोलणारे, खेळणारे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबणारे कुणीतरी त्याला अगदी कोवळ्या वयातच हवे असते. आणि जिथे आयांना पोटासाठी दूर जावे लागते, तिथे हे काम करणाऱ्याला उपाशी ठेवणारी वस्ती आपल्याच मुलांची वाट बुजवते.